नाहाच्या माकिशी बाजारातला स्टोनफिश

जपानच्या ओकिनावा बेटावर जाणार असाल आणि मासे खात असाल, तर नाहा शहरातल्या माकिशी बाजारासाठी एक दुपार राखून ठेवा. तिथल्या टाकीत स्टोनफिश दिसला तर लांबून फोटो काढून पुढे जाऊ नका. विकत घ्या, वरच्या मजल्यावर शिजवून घ्या आणि पोटभर खा. काट्यांत विष बाळगणाऱ्या माशांत याच्याइतका जहाल दुसरा नाही, आणि तरीही मी आजवर खाल्लेल्या पांढऱ्या मांसाच्या माशांत हा पहिल्या दोन-तीनांत बसतो.

मी मालवणची, गाबिताची म्हणजे मासेमाऱ्याची मुलगी. आईने आयुष्यभर मालवणच्या बाजारात पाटी लावली, त्यामुळे मासा ताजा की कालचा हे मला डोळा आणि कल्ले बघून कळतं, आणि मासा कापणारा हात तयारीचा आहे की नाही हे त्याहून लवकर कळतं. आता नोकरीमुळे योकोहामात राहते. नवरा कोल्हापूरचा, मटणातला माणूस. ओकिनावाला तो समुद्र बघायला आला होता आणि मी बाजार बघायला.

बाजार नाहाच्या कोकुसाई-दोरी या मुख्य रस्त्यालगतच्या गल्ल्यांमध्ये आहे. मोनोरेलच्या माकिशी स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं. दुसऱ्या महायुद्धात नाहा बेचिराख झालं, त्यानंतर इथे काळा बाजार भरू लागला आणि १९५० च्या सुमारास शहराने त्याला अधिकृत जागा दिली. १९७२ ची जुनी इमारत २०१९ मध्ये रिकामी केली आणि त्याच जागी नवी इमारत मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. नवी म्हणून उगाच चकचकीत केलेली नाही. गाळे तसेच दाटीवाटीने, गिऱ्हाइकाला हाका मारणं तसंच. तळमजल्यावर मासळी, मटण, लोणची. एका बाजूला डुकराचं अख्खं तोंड टांगलेलं, दुसऱ्या बाजूला बर्फावर इराबुचा नावाचा निळाजर्द पोपटमासा. त्याचा निळा रंग बघून नवरा म्हणाला, "हा खातात?" खातात, आणि चवीने खातात.

मला मात्र पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या बायका. गाळ्यांवर बहुतेक बायकाच, त्यातल्या कितीतरी साठी उलटलेल्या. नाहाच्या दक्षिणेला इतोमान हे कोळ्यांचं गाव आहे. तिथले पुरुष मासे मारायचे आणि बायका टोपल्या डोक्यावर घेऊन दहा-बारा किलोमीटर नाहापर्यंत पळत-चालत यायच्या, मासा खराब व्हायच्या आत विकायला. विकून येणाऱ्या पैशांचा हिशोबही त्यांच्याच हातात असायचा. हे वाचलं होतं, पण त्या गाळ्यांसमोर उभं राहिल्यावर ते खरं वाटलं. सुरीची मूठ धरायची ढब, गिऱ्हाइकाशी बोलताना नजर माशावरच ठेवायची सवय, हे सगळं मी घरात बघत मोठी झाले आहे.

स्टोनफिश एका कोपऱ्यातल्या गाळ्याच्या टाकीत होता. जपानीत त्याला ओनिदारुमा-ओकोझे म्हणतात. बाजारात नुसतं "ओकोझे" म्हटलं तरी चालतं. टाकीत तळाशी वाळू नाही, दगड नाही, लपायला काही नाही, तरी तो मला लगेच दिसला नाही. अंगावर खवले नाहीत. जाड, चामखिळींनी भरलेली कातडी, आणि तिच्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरलेलं. तोंड वरच्या बाजूला उघडणारं, खालचा ओठ पुढे आलेला. डोळे इतके बारीक की शोधावे लागतात. दोन्ही बाजूंचे पर रुंद, मांसल, पंख्यासारखे पसरलेले. त्यांनी तो वाळू उकरून स्वतःला पुरून घेतो. हालचाल शून्य. पोहून भक्ष्याच्या मागे जायचं त्याला माहीत नाही. बसून राहतो आणि एखादा छोटा मासा तोंडासमोरून गेला की सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास, मोजलेला आकडा ०.०१५ सेकंद आहे, तोंड उघडून त्याला पाण्यासकट आत ओढतो. टाकीतल्या त्या निर्जीव दिसणाऱ्या जनावरात एवढा वेग आहे, हे पटायला कठीण जातं.

गाळ्यावरच्या मावशींना (नाव विचारलं, पण इथे लिहीत नाही) मी सांगितलं की माझी आई मासे विकते. त्यानंतर त्यांचं वागणंच बदललं. गिऱ्हाईक म्हणून जे दाखवलं नसतं ते सगळं दाखवलं. मला कोणी स्टोनफिशच्या कापणीचे वेगळे पैसे मागितले असते तरी मी दिले असते.

आधी त्यांनी जाड रबरी हातमोजे चढवले. मासा जाळीने काढून फळीवर ठेवला आणि खालच्या जबड्यात अंगठा घालून पकडला. गालाला हात लावला नाही. का, ते मला माहीत होतं: या जातीच्या माशांना डोळ्याखाली एक काटा असतो आणि तो ते बाजूला उघडून अडकवू शकतात. कॅन्ससच्या संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचं पूर्ण वर्णन केलं. मावशींनी तो शोधनिबंध वाचलेला नसणार. त्यांच्या हाताला ते आधीपासून ठाऊक आहे. डोक्यामागे सुरीचा एक घाव, मासा शांत. मग पाठीच्या काट्यांच्या रांगेला समांतर डावीकडून एक तिरकी चीर, उजवीकडून दुसरी. दोन्ही चिरा खाली एकमेकींना मिळाल्या आणि पाठीची अख्खी रांग मुळासकट एका पट्टीत उचलून निघाली. एकेक काटा कात्रीने छाटत बसल्या नाहीत. त्यानंतर मासा उलटा करून पोटाकडचे दोन आणि शेपटीजवळच्या परातले तीन काटे काढले. विष फक्त पाठीवर असतं असं समजणारे हे पाच विसरतात. पाठीवरचे साधारण तेरा, म्हणजे एकूण अठरा. त्यांनी काढलेले मीही मनात मोजत होते.

मग त्यांनी मला जे दाखवलं त्यासाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले. काढलेल्या पट्टीतला एक काटा चिमट्याने धरून सुरीच्या पाठीने त्यावरची कातडी हळूच खाली सरकवली. जाड कातडीच्या पिशवीत काटा पूर्ण झाकलेला असतो, बाहेरून नुसती एक गाठ दिसते. कातडी सरकली तसं पांढरं, टोकदार हाड उघडं पडलं. त्याच्या दोन्ही अंगांना टोकापर्यंत जाणारी एकेक खोबण, आणि खोबणीत मधल्या भागात फुगीर, फिकट रंगाच्या दोन पिशव्या. विष त्या पिशव्यांत. या माशाला नागासारखं विष टोचायचं स्नायूंचं यंत्र नाही. कोणी वरून पाय दिला की वजनाने कातडी खाली दबते, पिशव्या चेपल्या जातात आणि विष खोबणीतून वर चढून थेट जखमेत जातं. म्हणजे जोर सगळा पाय देणाऱ्याचा. मासा आपणहून येऊन कोणाला टोचत नाही, एवढं मावशींनी दोनदा बजावून सांगितलं. त्यांना त्या माशाबद्दल आदर आहे, तो बोलण्यात कळत होता.

मी तेव्हाच आईला व्हिडिओ कॉल लावला. मालवणात सकाळ होती, ती बाजाराला निघायच्या तयारीत. मासा बघून तिने पहिला प्रश्न विचारला तो चवीचा नव्हता. "काटे खंय टाकल्यान ता बघ आधी." मी कॅमेरा फिरवला. मावशींनी सगळे काटे झाकणाच्या जाड डब्यात टाकून झाकण लावलं होतं, कचऱ्याच्या पिशवीत नाही. मासा मेला तरी काट्यातलं विष मरत नाही. नंतर कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताला तो काटा तेवढाच भारी पडतो. आई म्हणाली, "मगे खा. हात बरो आसा तिचो." शिंगाळ्याचा काटा घरात आम्हा सगळ्यांना कधी ना कधी लागलेला आहे, पाकटाची शेपटी होडीतच तोडून टाकायची हे लहानपणी शिकलेलो आहोत. विषारी काट्याचा मासा म्हणजे खायचा नाही असं तिच्या डोक्यात कधी येतच नाही. काटा कोण काढतं, एवढाच तिचा प्रश्न.

जपानमधला विषारी मासा म्हटलं की लोकांना फुगू आठवतो, आणि त्याच भीतीने ते स्टोनफिशला नको म्हणतात. दोन्हींचा काही संबंध नाही. फुगूचं विष यकृतात आणि अंडाशयात असतं, पोटात गेल्यावर मारतं आणि शिजवून जात नाही. म्हणून फुगू हाताळायला परवाना असलेला माणूस लागतो. स्टोनफिशचं विष काट्यांच्या पिशव्यांत असतं, मांसात नसतं, आणि ते प्रथिनांचं असल्यामुळे उष्णतेने मोडतं. काटे नीट काढलेला स्टोनफिश कच्चासुद्धा निर्धास्त खाता येतो.

आता खाण्याकडे येते. इथली पद्धत अशी की खाली मासा विकत घ्यायचा, वरच्या मजल्यावरच्या खानावळीत न्यायचा आणि माणशी ठरावीक पैसे भरून हवा तसा करून घ्यायचा. आमच्याकडून माणशी साडेपाचशे येन घेतले. मासा, शिजवणावळ, भात, समुद्री द्राक्षं (द्राक्षांसारखे मणी असलेलं समुद्री शेवाळ) आणि नवऱ्याची बिअर धरून दोघांचा खर्च नऊ हजार येनच्या आत, म्हणजे साधारण पाच हजार रुपये झाला. स्वस्त नाही. पण स्टोनफिश कापताना निम्मं वजन डोकं, कातडी आणि हाडांत जातं, तरी यातलं काहीच फुकट गेलं नाही, म्हणून मला हा पैसा वसूल वाटला.

पहिल्यांदा आला कच्चा मासा, साशिमी. इतके पातळ काप की खालच्या ताटलीची नक्षी दिसत होती. आणि ते तसेच हवेत, कारण हे मांस घट्ट आहे. जाड कापलं तर चावून जबडा दुखेल. पांढरंशुभ्र, किंचित गोड, तेलकटपणा अजिबात नाही. समुद्राचा वास नाही, चिखलाचाही नाही. आपल्याकडच्या ताज्या गोबऱ्याच्या जवळ जाणारी चव, पण गोबऱ्याहून दाताला जास्त चिवट आणि चघळत गेलं की वाढत जाणारी गोडी. सोबत सोया सॉस होताच, पण मला आवडली ती इथल्या लोकांची मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, आंबट चटणी, वर शिकुवासा नावाच्या छोट्या हिरव्या लिंबाचे दोन थेंब. कडेला उकळत्या पाण्यातून काढून बर्फात टाकलेल्या कातडीच्या पट्ट्या होत्या. टाकीत ज्या कातडीकडे बघवत नव्हतं तीच इथे कुरकुरीत आणि लिबलिबीत एकाच वेळी. नवऱ्याने साशिमीचे दोन तुकडे खाल्ले आणि कातडी सगळी संपवली.

दुसरा पदार्थ तळलेला. इथे मात्र मी खूश नाही. वरचं आवरण जाड होतं, त्यात मिरीचा मारा केलेला, आणि एवढ्या नाजूक चवीच्या माशाला ते झाकून टाकत होतं. माझ्या हातात असतं तर हळद-मीठ लावून, तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवून तव्यावर टाकला असता. तुम्ही जाल तेव्हा आवरण पातळ ठेवायला आधीच सांगा, ऐकतात. हाडांच्या कडेचे तुकडे मात्र चांगले तळले गेले होते, हाडं कुरकुरीत झाली होती.

तिसरं, डोकं आणि हाडांचं मिसोचं सूप, आणि या दुपारचा मान त्याचा. डोकं अर्धं चिरून भांड्यात, वर कांद्याची पात. रस्सा जरा दाट, ओठाला ओठ चिकटतील असा, कारण या माशाच्या कातडीत आणि डोक्यात चिकाचा अंश भरपूर. गालाचं मांस बोटाने सुटून येतं. टेबलावर कोरेगुसु ठेवलेलं असतं, आवामोरी या स्थानिक दारूत मुरवलेल्या बारीक लाल मिरच्या. तिचे दोन-तीन थेंब रश्श्यात टाकले आणि मला पहिल्यांदा जपानी सुपात तिखटाची खरी धार लागली. भात मागवा आणि रस्सा त्यावर ओता. जपानी शिष्टाचारात हे फारसं बसत नाही, पण शेजारच्या टेबलावरचे आजोबा बघून हसले आणि त्यांनीही ओतला.

सेवेबद्दल एक तक्रार आहे. शनिवारच्या दुपारी वर इतकी गर्दी होती की कापलेला मासा हातात घेऊन आम्हाला बराच वेळ जिन्यात थांबावं लागलं. बर्फ दिला होता म्हणून चाललं. साडेअकराच्या आत वर जागा धरा. आणि भाव किलोवर असतो, तर वजन करताना तराजूसमोर उभे राहा, एकूण रक्कम लिहून घ्या आणि मगच मारायला सांगा. आमच्या मावशींनी स्वतःहून लिहून दिली. बाजूच्या एका गाळ्यावर विचारलं तेव्हा गोल उत्तर मिळालं.

स्टोनफिश ताटात आला म्हणून समुद्रातला विसरू नका, आणि हे मी अंदमान-लक्षद्वीपला जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितेय. तांबड्या समुद्रापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत याचा वावर आहे, आणि अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या प्रवाळांतही हाच मासा आहे. ओहोटीला डबक्यात राहतो, पाण्याबाहेर पडला तरी कित्येक तास जिवंत असतो. आपले पर्यटक ओहोटीच्या वेळी अनवाणी प्रवाळांवर फिरताना मी बघितले आहेत, लहान मुलांना घेऊन. कृपा करून जाड तळव्याचे बूट घाला. पातळ रबराच्या किनाऱ्यावरच्या चपलांतून काटा आरपार जातो. दगडाला हात टेकवून बसू नका. ओकिनावात आरोग्य विभाग धोकादायक समुद्री जीवांची चित्रं आणि प्रथमोपचार छापून वाटतो. आम्ही गेलो त्या किनाऱ्यावर तो फलक शौचालयाच्या दाराशीच होता, कोणाच्याही नजरेतून सुटू नये असा. आपल्या किनाऱ्यांवर तसा एक फलक लावायला काय हरकत आहे?

काटा लागलाच तर आधी पाण्याबाहेर या, कारण वेदना इतकी भयंकर असते की माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडू शकतो. वर दिसणारे काटे चिमट्याने काढा. मग पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, ४५ अंशांच्या वर नाही, अर्धा ते दीड तास. पाणी किती गरम आहे ते काटा न लागलेल्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. उष्णतेने विष मोडत जातं आणि कळ उतरते. चीर देऊ नका, चोखू नका, घट्ट बांधू नका, आणि कळ उतरली तरी दवाखान्यात जाच. सूज, रक्तदाब पडणं, श्वासाचा त्रास मागाहूनही होतो. यावरचं प्रतिविष ऑस्ट्रेलियात घोड्याच्या रक्तद्रवापासून बनतं, १९५९ पासून वापरात आहे. शिंगाळा लागला की आई आमचे हात गरम पाण्यात धरून ठेवायची, आम्ही रडलो तरी सोडायची नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. महिन्याचा चौथा रविवार बाजार साधारण बंद असतो. ओकोझे रोज मिळेल याचा भरवसा नाही. वादळाच्या दिवसांत होड्याच बाहेर पडत नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी चक्कर मारून विचारून या. दोघांना एक किलोच्या आतला मासा पुरतो. इंग्रजी फारसं चालत नाही, पण फोनवरच्या भाषांतरावर काम निभतं. मासा मारायच्या आधी "कापताना बघू का?" असं जरूर विचारा. आणि वर देताना तीन पदार्थ सांगायचे असतील तर साशिमी, पातळ आवरणाचा तळलेला, आणि सूप याच क्रमाने सांगा, डोकं सुपासाठी बाजूला ठेवायला खालीच सांगून.